कारंज्याचा भाव, रोझारिओचे जहाज

खरिपाचे सोयाबीन निघू लागले की कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, वाशीम इथल्या बाजार समित्यांत हर्रास सुरू होण्याआधीच खरेदीदारांच्या फोनवर एक आकडा आलेला असतो. त्याला बाजारात ‘प्लांटचा भाव’ म्हणतात. तेल काढणारा कारखाना आज पोहोच माल काय भावाने घेईल, ते हा आकडा सांगतो. त्यातून गाडीभाडे, हमाली, खरेदीदाराचा नफा, ओलाव्याची आणि डागी मालाची कपात वजा होत होत जे उरते, त्याच्या आसपास ढिगावर बोली लागते. इथवरचा हिशेब गावात कुणालाही विचारा, तोंडपाठ असतो. पण प्लांटने तो आकडा कुठून आणला, असे विचारत गेले तर उत्तर इंदूर-मुंबईला थांबत नाही. ते दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनात पाराना नदीच्या काठच्या रोझारिओ बंदरापर्यंत जाते. तिथून मुंबईला एक टन तेल आणायला जहाजवाला किती डॉलर मागतो, हेही त्या आकड्यात बसलेले असते.

वाशीमपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर दूर. पैनगंगा, काटेपूर्णा, पूस, अडाण या जिल्ह्यातल्या नद्यांत नाव चालली तर मासेमाराची. अशा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला जहाजधंद्याचे अर्थकारण कशाला कळायला हवे? तो या धंद्याचा गिऱ्हाईक आहे म्हणून. त्याला भाड्याची पावती मिळत नाही, एवढेच.

आधी सोयाबीन फोडून पाहू. शंभर किलो सोयाबीनमधून सुमारे अठरा किलो तेल निघते आणि ऐंशीच्या आसपास पेंड, जिला व्यापारात ‘डीओसी’ म्हणतात. लोक सोयाबीनला तेलबिया म्हणतात, पण वजनाने पाहिले तर हे पेंडीचे पीक आहे. तेल त्याच्यासोबत येते. आता गंमत अशी की या दोन भागांचे बाजार एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. खाद्यतेल भारताला पुरत नाही. दरसाल दीडशे लाख टनांच्या आसपास तेल आपण बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून, सूर्यफुलाचे काळ्या समुद्राच्या बाजूने, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येते. त्यामुळे देशातल्या सोयातेलाचा भाव आयात तेलाच्या पोहोच किमतीला बांधलेला असतो. पेंडीचे उलटे आहे. देशातल्या कोंबड्या खाऊन उरलेली पेंड बाहेर विकावी लागते, म्हणून तिचा भाव परदेशातला गिऱ्हाईक जे देईल त्यातून जहाजभाडे वजा करून ठरतो.

म्हणजे कारंज्याच्या ढिगावर दोन जहाजांची सावली पडते, एका येणाऱ्या आणि एका जाणाऱ्या. येणाऱ्या जहाजाचे भाडे वाढले की आयात तेल महाग होते आणि इथल्या मालाला आडोसा मिळतो. जाणाऱ्याचे वाढले की पेंडीच्या भावातून तेवढे कापले जाते. समजा दोन्हीकडे टनामागे वीस डॉलर वाढले आणि डॉलर पंच्याऐंशी रुपये आहे. एक टन सोयाबीनमागे तेलाच्या बाजूने 3.6 डॉलरचा फायदा, पेंडीच्या बाजूने 16 डॉलरचा तोटा. वजावाट केली तर 12.4 डॉलर गेले, म्हणजे क्विंटलमागे शंभर रुपयांहून थोडे जास्त. हा ढोबळ हिशेब आहे, त्याला पुढे एक मोठी दुरुस्ती करायची आहे. पण अठरा आणि ऐंशी हे प्रमाण लक्षात ठेवले की पेंडीकडे दुर्लक्ष करून नुसत्या तेलाच्या बातम्या वाचणे किती अपुरे आहे ते कळते.

मग पुढचा प्रश्न. रोझारिओहून मुंबई आफ्रिकेला वळसा घालून सुमारे पंधरा हजार किलोमीटर. एवढ्या लांबून आलेले तेल इथे परवडते तरी कसे?

इंधनाचा हिशेब मांडू. पन्नास हजार टन माल घेतलेले मध्यम आकाराचे जहाज तेरा नॉटच्या वेगाने चालले तर दिवसाला साधारण 28 टन इंधन जाळते आणि तेवढ्यात 575 किलोमीटर अंतर कापते. एका टनाच्या वाट्याला येते अर्धा किलोहून जरा जास्त इंधन. जवळपास तेवढाच रस्ता, म्हणजे कारंजा ते न्हावा शेवा बंदर, पंचवीस टनांचा ट्रक चालला तर लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर धरून टनामागे साडेसहा ते साडेसात लिटर डिझेल लागते. पाण्यावरचा टन जमिनीवरच्या टनाच्या जवळपास एक दशांश इंधनात हलतो. महिनाभराच्या सबंध पंधरा हजार किलोमीटरच्या सफरीला टनामागे सुमारे पंधरा किलो इंधन लागते, म्हणजे कारंज्याहून बंदरापर्यंतच्या सुमारे अडीचपट. अंतर मात्र पंचवीसपटीहून अधिक. शिवाय जहाज वापरते ते गाळातले जाड इंधन, डिझेलपेक्षा बरेच स्वस्त.

यामागे पाण्याची साधी यांत्रिकी आहे. पाणी वजन उचलून धरते, इंजिनाला फक्त घर्षण आणि लाटांशी झगडायचे असते. जहाजाची लांबी-रुंदी-खोली दुप्पट केली तर पोटातली जागा आठपट होते, पण पाण्याला घासणारा पत्रा फक्त चौपट. कर्मचारी तर वाढतच नाहीत; वीस-पंचवीस माणसे पन्नास हजार टनही नेतात आणि दोन लाख टनही. म्हणून गेली दीडशे वर्षे जहाजे फुगतच चालली आहेत. वेगाचे गणित मात्र निर्दय आहे. वेग वाढवला तर रोजचे इंधन साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट दहा टक्के हळू चालले तर रोजचे इंधन सुमारे सत्तावीस टक्क्यांनी आणि सबंध फेरीचे एकोणीस टक्क्यांनी वाचते. भाडी पडली की कप्तानांना हळू चालण्याच्या सूचना मिळतात, त्या याच हिशेबावर.

याचा वाशीमच्या दृष्टीने अर्थ कडवट आहे. जुन्या काळी अंतर हेच शेतकऱ्याचे संरक्षण होते. लांबचा माल येईपर्यंत महाग पडायचा. जहाजाने ते संरक्षण काढून घेतले. आज तो आडोसा समुद्राचा नाही, दिल्लीच्या आयात शुल्काचा आहे. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण आयात कर 5.5 वरून 27.5 टक्के झाला आणि 30 मे 2025 रोजी तो पुन्हा 16.5 वर आला. यातला कोणताही बदल जहाजभाड्यातल्या नेहमीच्या चढउतारापेक्षा मोठा होता.

जहाजभाडे नेहमीच शांत असते असे मात्र नाही. कोळसा, लोहखनिज, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक लंडनचे बाल्टिक एक्स्चेंज रोज जाहीर करते. ही संस्था आपली सुरुवात 1744 च्या लंडनमधल्या एका कॉफीगृहापर्यंत नेऊन सांगते. 2016 पासून ती सिंगापूरच्या शेअर बाजाराच्या मालकीची आहे. 1985 साली हजारावर सुरू झालेला हा आकडा 20 मे 2008 रोजी 11,793 वर होता. त्याच वर्षी 5 डिसेंबरला तो 663 झाला. साडेसहा महिन्यांत शंभराचे सहा. कापसाच्या नाही की कांद्याच्या नाही, जगातल्या कोणत्याही शेतमालाच्या भावाने अशी उडी क्वचितच मारली असेल.

कारण समजायला विदर्भातल्या माणसाला फार सायास पडू नयेत. 2015 साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, आणि 2017 मध्ये सरकारी खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या थप्प्या लागल्या. जहाजमालक तेच करतात, फक्त त्यांची पेरणी ते कापणी हे अंतर दोन-तीन वर्षांचे असते आणि पीक पंचवीस वर्षे शेतातून हलत नाही. भाडे चढले की ग्रीसपासून चीनपर्यंत सगळे मालक एकदम नव्या जहाजांची मागणी नोंदवतात. ती पाण्यात उतरतात तोवर तेजी संपलेली असते. जहाज उभे ठेवले तरी कर्जाचे व्याज, विमा आणि पगार चालूच, म्हणून इंधन-बंदराचा खर्च निघून थोडेफार हाती लागले तरी मालक ते चालवतो. भाडे त्याखालीही गेले तर शेवटची वाट गुजरातच्या अलंगची, जिथे भरतीच्या पाण्यावर जहाज किनाऱ्याला चढवून तोडतात. फेब्रुवारी 2016 मध्ये तो निर्देशांक 290 पर्यंत उतरला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर कंटेनर वाहतुकीतली हानजिन ही मोठी कोरियन कंपनी बुडाली. तिची जहाजे माल पोटात घेऊन समुद्रातच खोळंबली, कारण कोणतेही बंदर पैसे आधी घेतल्याशिवाय त्यांना धक्क्याला लावेना.

कंटेनरचा धंदा सुट्या मालाहून निराळा. त्याला ठरलेला मार्ग, ठरलेले वार, आणि मोजक्या मोठ्या कंपन्या. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर 58 पेट्या चढवल्या, तेव्हा एक टन माल सुटा चढवायला 5.83 डॉलरच्या आसपास खर्च यायचा, पेटीतून सोळा सेंट लागले. बंदरातला हमाल गेला, चोरी गेली, जहाजाचे धक्क्यावरचे दिवस तासांवर आले. 1989 साली न्हावा शेव्याला जे बंदर सुरू झाले ते याच पेट्यांसाठी. आज वऱ्हाडातली पेंड, डाळ, कापसाच्या गाठी परदेशी निघाल्या की बहुधा तिथूनच निघतात.

पेटीचे एक दुखणे आहे. ती भरून गेली तर रिकामी परत आणावी लागते. चीनमधून भरलेल्या पेट्या जास्त निघतात, चीनकडे भरलेल्या कमी जातात. कंपनीला तिची पेटी चीनमध्ये हवी असते, कारण तिथले भाडे मोठे. कोविडनंतर अमेरिका-युरोपात मागणी उसळली तेव्हा चाळीस फुटी पेटीचे जागतिक सरासरी भाडे, जे 2019 मध्ये 1,420 डॉलर होते, ते सप्टेंबर 2021 मध्ये दहा हजारांवर गेले. मग पेंडीसारख्या स्वस्त आणि जड मालासाठी पेटी आत नागपूरपर्यंत पाठवून आठवडाभर अडकवायची कुणाला? कंपन्यांनी रिकाम्या पेट्याच घाईघाईने पूर्वेकडे नेल्या. भारतातल्या शेतमाल निर्यातदारांची त्या वर्षीची मुख्य तक्रार भाड्याची नव्हतीच, पेटीच मिळत नाही ही होती.

त्याच 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन नऊ-दहा हजार रुपये क्विंटलवर गेले होते. त्यात जगभरची तेजी होती, आणि पाराना नदीला कित्येक दशकांतला नीचांक आलेला असल्याने रोझारिओची जहाजे पोट अर्धवट रिकामे ठेवूनच निघत होती हेही होते. नदीतले पाणी कमी झाले की जहाज कमी बुडवावे लागते, तेच भाडे थोड्या टनांवर विभागले जाते. कुक्कुटपालकांच्या ओरडीनंतर ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, तीही जनुक बदललेल्या सोयाबीनची. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. इथे जहाजाचा दरवाजा नुसता उघडला गेला हे पुरेसे होते. माल पोहोचण्याआधी बातमी पोहोचते आणि भाव बातमीवर हलतो.

आता मघाची दुरुस्ती. आपली पेंड एकटीच जहाजात बसत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकापुढे अर्जेंटिनाचीही पेंड उभी असते. गिऱ्हाईक व्हिएतनामसारखा आशियातला असेल तर अर्जेंटिनाला दुपटी-तिपटीने लांबचा पल्ला पडतो. भाडे वाढले की तिची पोहोच किंमत आपल्यापेक्षा जास्त वाढते. तेव्हा महाग जहाज आपल्या पथ्यावर पडते. शेजारच्या बांगलादेश-नेपाळात तर आपण ट्रक आणि रेल्वेने, थोड्याथोड्या लॉटमध्ये माल देऊ शकतो. पन्नास हजार टनांचे जहाज घेण्याची ऐपत नसलेला गिऱ्हाईक याला किंमत देतो. युरोपचे गणित निराळे. तिथला काही ग्राहक जनुक न बदललेल्या सोयाबीनची पेंड शोधतो आणि भारताचे सोयाबीन तसे आहे. सुएझमार्गे मुंबई ते रॉटरडॅम सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर, रोझारिओहूनही बारा हजारांच्या आसपास, म्हणजे बरोबरी. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज पळवले, तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, आणि कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून पाठवायला सुरुवात केली. आपला पल्ला जवळपास वीस हजारांवर गेला. अर्जेंटिनाचा एक किलोमीटरही वाढला नाही, कारण ती जहाजे तांबड्या समुद्रात येतच नव्हती. विमा वाढला तो वेगळाच.

सुएझच्या कालव्याने वाशीमचे नशीब हलवल्याची ही पहिली वेळ नाही. इंग्रजी अमदानीत वाशीम हा वऱ्हाडातला ‘बासिम’ जिल्हा होता, 1905 साली तो मोडून अकोल्यात विलीन झाला आणि पुढे 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, लिव्हरपूलला अमेरिकन कापूस मिळेना म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला आणि त्याबरोबर मुंबईत समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअरही. पण धंदा टिकला तो भावावर नाही, वाहतुकीवर. 1867 पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोहोचला, 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा खुला झाला, 1870 मध्ये मुंबई-लंडन समुद्री तार पडली. तीन वर्षांत तीन गोष्टी. मुंबई ते इंग्लंड हे अंतर चाळीस टक्क्यांनी घटले. शिडाच्या जहाजांना कालव्यातून आणि तांबड्या समुद्रातल्या वाऱ्यांतून जाणे अवघड, म्हणून फायदा सगळा आगबोटींना झाला.

कापूस हलका आणि फुगीर. अशा मालाचे जहाजभाडे वजनावर न लागता जागेवर लागते. वऱ्हाडात गावोगाव जिनिंगपाठोपाठ प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले ते याच कारणाने. गाठ जितकी घट्ट, तितके एका घनफुटात वजन जास्त आणि टनामागे भाडे कमी. कारंज्याला तर रेल्वेच कापसासाठी आली. किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखाली 1903 च्या सुमाराला मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फुटी रुळांचा 113 किलोमीटरचा फाटा सुरू झाला. तीच आपली शकुंतला. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत बदलायच्या, मुंबईला बोटीत. या बदलीचा खर्च प्रवासखर्चाइतकाच जीव घेतो, हे तेव्हाच्या व्यापाऱ्याला कळत होते आणि मॅक्लीनला पन्नास वर्षांनी कळले.

बोट कुणाची, हा प्रश्नही तेव्हाचाच. समुद्र सगळ्यांना मोकळा असला तरी भाडे मोकळे नव्हते. 1875 साली कलकत्त्याच्या व्यापारावर इंग्रज कंपन्यांनी पहिली ‘कॉन्फरन्स’ केली, म्हणजे भाडे आपसात ठरवून घेण्याची टोळी. तिचे हत्यार मोठे नामी होते. व्यापाऱ्याने सहा महिने फक्त आमच्याच बोटीने माल पाठवला तर भाड्यातला काही भाग परत, तोही पुढच्या काही महिन्यांनंतर आणि तोवर इमान राखले तर. मध्येच दुसऱ्याच्या बोटीत एक गाठ घातली की साठलेली सगळी सूट बुडाली. नव्या कंपनीने भाडे कितीही कमी केले तरी माल फिरकेना. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली, 5 एप्रिलला त्यांची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. सोहळ्याच्या भाषणांत एक गोष्ट सहसा येत नाही. ‘लॉयल्टी’ ही जुनी प्रवासी बोट होती, 1923 मध्ये ती मोडीत निघाली. सिंदिया तगली ती त्या बोटीवर नाही. किनाऱ्यावरच्या आणि ब्रह्मदेशच्या मालवाहतुकीत ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे पाडून तिला चिरडायचा प्रयत्न केला, ते युद्ध सोसून 1923 मध्ये वालचंद आणि ब्रिटिश इंडियाचे लॉर्ड इंचकेप यांच्या पक्षांत करार झाला आणि सिंदिया त्या व्यवस्थेत शिरली. स्वदेशीच्या झेंड्याखालचीही कंपनी शेवटी कॉन्फरन्समध्ये बसली, हे मला त्या काळाचे सर्वांत प्रामाणिक अर्थशास्त्र वाटते.

आजही भारताचा बहुतांश परदेशी व्यापार परक्या जहाजांतून चालतो. मालक एका देशाचा, नोंदणी पनामा किंवा लायबेरियाची, कप्तान कदाचित रत्नागिरीचा. कंटेनर कंपन्या आता कॉन्फरन्सऐवजी ‘अलायन्स’ म्हणून जागा वाटून घेतात.

जहाजांचे हे झाले, आता बंदराचे पाहू. पालघर जिल्ह्यात वाढवणला 76,220 कोटींचे बंदर बांधायला जून 2024 मध्ये मंजुरी मिळाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. तिथे वीस मीटरच्या आसपास खोल पाणी मिळते, म्हणून जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थेट लागतील. कारंज्याच्या टनाला त्यातून काय मिळेल? समुद्रावर काही डॉलर वाचतील, आणि त्यातले किती कंपनी स्वतःकडे ठेवील हे तेव्हाची तेजी-मंदी ठरवील. समुद्रावरचा खर्च आधीच इतका खाली आला आहे की उरलेली बचत बरीचशी जमिनीवरच आहे: रिकामी पेटी नागपूर किंवा न्हावा शेव्याहून आणण्याचा एकतर्फी फेरा, समृद्धी महामार्गावरचा टोल, आणि कारंज्याला चालू रेल्वेच नसल्याने प्रत्येक टनाचे डिझेल. वाशीम शहरात अकोला-पूर्णा मार्गावर 2008 पासून ब्रॉडगेज आहे, कारंज्याच्या अरुंद रुळांवरची शकुंतला बंद आहे आणि तिला ब्रॉडगेज करण्याची मागणी जुनी आहे. वाढवणच्या कोट्यवधींपैकी एखादा टक्का जरी या तीस-पस्तीस किलोमीटरच्या मूर्तिजापूर-कारंजा तुकड्याकडे वळला, तर प्लांटचा भाव आणि हर्रासातली बोली यांच्यातले अंतर कमी व्हायला वाढवणहून त्याचा उपयोग अधिक होईल असे माझे मत आहे.